टीसीएल, चुना आणि दाढेतली नस

दाताच्या मधोमध रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. बोलीत त्यालाच ‘नस’ म्हणतात. कीड तिथवर पोचली की दाढ ठणकू लागते. बीड जिल्ह्यात अनेक जण दवाखान्यात जाण्याआधी लवंग किंवा तंबाखू दाढेत धरून बरेच दिवस काढतात. रूट कॅनालमध्ये सडलेला गर बारीक सुयांनी काढतात. पण मुळांच्या आडफाट्यांत सुई शिरत नाही. तिथले जंतू औषधांनीच मारावे लागतात, आणि यातली दोन मुख्य औषधे खेड्यातल्या माणसाच्या ओळखीच्या घराण्यातली आहेत.

पहिले सोडियम हायपोक्लोराइट. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरचे हे भावंड. वासही तोच, उग्र. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी सुमारे ०.५ टक्के द्रावण जखमा धुण्यासाठी वापरात आणले. दातात ०.५ ते ५.२५ टक्क्यांपर्यंतचे वापरतात. ते जंतू मारते आणि मेलेला गर विरघळवते. मात्र मेलेले मांस आणि जिवंत मांस हा फरक त्याला कळत नाही. जोराने दाबल्याने ते मुळाच्या टोकाबाहेर गेले, तर क्षणात असह्य वेदना होतात, गाल सुजतो, काळानिळा पडतो. म्हणून बाजूला छिद्र असलेली सुई टोकापासून एक-दोन मिलिमीटर अलीकडे धरून द्रव सावकाश सोडतात, आणि घशात थेंब जाऊ नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावतात. उन्हाने आणि उष्णतेने हे द्रावण निकामी होत जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाटली सावलीत, घट्ट बंद ठेवणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

धुण्यासाठी वापरतात ते दुसरे जंतुनाशक, २ टक्के क्लोरहेक्सिडीन, मांसाला कमी जाचक असते आणि त्याचा असर दाताच्या भिंतीवर टिकतो, पण गर विरघळवणे त्याला जमत नाही. हे दोन द्रव एकत्र आले की नारिंगी-तपकिरी गाळ धरतो आणि मुळातली नळी चोंदते. त्यामुळे मध्ये सलाइनने धुणे आवश्यक असते.

दोन बैठकांच्या मधल्या काळात नळीत औषध ठेवतात. पूर्वी त्यासाठी फॉर्मोक्रेसॉलचा बोळा असे. त्यातले फॉर्माल्डिहाइड जंतूंना मारते, तसे आसपासच्या पेशींनाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणारे ठरवले. दातातली मात्रा अगदी थोडी असते, हे खरे; तरी चांगला पर्याय हाताशी असताना ते वापरण्याचे कारण उरत नाही.

तो पर्याय म्हणजे ओळखीच्या घराण्यातले दुसरे औषध, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अर्थात शुद्ध केलेला चुना. त्याचा सामू सुमारे १२.५ असतो आणि इतक्या क्षारात बहुतेक जंतू तगत नाहीत. एंटरोकोकस फिकॅलिस हा जंतू मात्र चिवटपणे टिकतो. पण म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना दाढेत भरणे हा दाढदुखीवरचा घरगुती उपाय नव्हे. त्याने हिरडी आणि गाल भाजतात.

नळीत पांढरी पेस्ट भरून वर तात्पुरते सिमेंट लावतात, एक-दोन आठवड्यांसाठी. बीडमध्ये अडचण इथेच येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. तेवढ्या महिन्यांत सिमेंट झिजते, लाळ आत झिरपते आणि साफ केलेल्या नळीत जंतू पुन्हा घर करतात. अशा रोग्याला निघायची तारीख आधी विचारावी. जमत असेल तर एकाच बैठकीत नळी कायमची भरावी, नाहीतर दसऱ्याआधी दुसरी बैठक उरकावी.