हातात किती पडतात, आणि नावावर किती?

शिनोळी एमआयडीसीत लागलेला पोरगा असो, उद्यमबागेतल्या फौंड्रीतला असो की वेर्ण्याला गेलेला, घरातला पहिला प्रश्न एकच: "हातात किती पडतात?" रजा किती, पीएफ कापतात का, आजारी पडलास तर काय, हे सहसा कुणी विचारत नाही. सरकारी पाहणी मात्र विचारते.

केंद्राच्या सांख्यिकी खात्याची नियतकालिक श्रमबल पाहणी (पीएलएफएस) २०१७ पासून सुरू आहे. शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांना त्यात विचारतात, की लेखी करार आहे का, पगारी रजा आहे का, आणि पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी, दवाखाना यांपैकी काही मिळतं का. २०१७-१८ मध्ये पुरुष पगारदारांपैकी ७२.३ टक्क्यांकडे करार नव्हता, ५५.२ टक्क्यांना पगारी रजा नव्हती आणि ४९ टक्क्यांना सुरक्षेचा एकही लाभ नव्हता. ध्यानात घ्या, हे रोजंदारीवाले नव्हेत. महिन्याला पगार घेणारी माणसं आहेत ही.

पुढचे आकडे जास्त बोलके आहेत. स्त्री-पुरुष मिळून करार नसलेले २०१७-१८ मध्ये ७१.१ टक्के होते, ते २०२२-२३ मध्ये ५८.६ वर आले. रजा नसलेलेही ५४.२ वरून ४६.८ वर उतरले. पण पीएफ-विमा काहीच नसलेले ४९.६ वरून ५३.९ टक्क्यांवर गेले. म्हणजे कागद वाढला, त्यामागचा आधार वाढला नाही. पत्र देणं आणि पैसे भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठेकेदाराकडे काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. शिवाय पीएफचा कायदा २० कामगारांपासून लागतो आणि ईएसआय १० पासून. आठ जणांचा लेथ वर्कशॉप या दोन्हींतून सुटतो.

आता हिशेब बघू. एका ठिकाणी १४,५०० रोख, बाकी काही नाही. दुसरीकडे १४,००० पगार (सगळा मूळ पगारच धरू), पण पीएफ आणि ईएसआय आहे. दुसऱ्या ठिकाणी १२ टक्के पीएफ म्हणजे १,६८० आणि ०.७५ टक्के ईएसआय म्हणजे १०५ कापून हातात १२,२१५ पडतात. पोरगं म्हणतं, तोटाच की! पण मालकालाही १,६८० भरावे लागतात. त्यातले १,१६६ पेन्शनला आणि ५१४ पीएफला जातात. म्हणजे पोराच्या पीएफ खात्यात महिन्याला २,१९४ जमा होतात. ईएसआयसाठी मालक आणखी ४५५ भरतो. त्यात घरच्यांचा, अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही उपचार येतो आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पीएफला जोडलेला विमा वेगळाच: नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना कमाल ७ लाख. त्यासाठी कामगाराचा एक रुपयाही कापत नाहीत.

ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. १४,००० वर ती वर्षाला साधारण ८,०७७ होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात मुदतीच्या करारावरच्यांना ती एका वर्षानंतरच लागू केली आहे आणि नियुक्तीपत्र सगळ्यांना सक्तीचं झालं आहे.

सीमाभागातल्या पोरांचं आणखी एक आहे. आज बेळगाव, उद्या गोवा, परवा पुणे. नोकरी सुटली की पीएफ काढायचा आणि गाडीचं डाउन पेमेंट भरायचं, ही आपली रीत. मासिक पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. पेन्शनचे पैसे काढले की मोजणी पुन्हा शून्यावर. राज्य बदललं तरी यूएएन नंबर तोच राहतो. नव्या कंपनीत तोच द्यायचा आणि जुनं खातं ट्रान्सफर करून घ्यायचं.

पगाराच्या चिठ्ठीवर पीएफ कापलेला दिसतो म्हणजे तो भरलाच असं नाही. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून दर महिन्याची नोंद बघता येते. नोंद नसेल तर आधी ठेकेदाराला विचारायचं. तो "ऑफिसात विचार" म्हणाला, तर ज्या कंपनीत काम चालतं तिथे जायचं, कारण ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगारांच्या पीएफचीही जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवरच आहे.