खपलीखाली काय आहे?

भिवंडीजवळच्या वळ, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामं उभी राहिली, पण पावसाळ्यातली ओल कुठे गेली नाही. वरातीचा घोडा पाळणाऱ्यासाठी जुलै-ऑगस्ट हे सगळ्यात अवघड महिने. लग्नसराई संपलेली, कमाई थांबलेली, तबेला दमट, आणि घोड्याच्या पाठीवर खपल्या. खपली उचलली की तिच्याबरोबर केसांचा झुबका निघून येतो, खाली ओली, लालसर कातडी. अशा वेळी औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकचं इंजेक्शन आणून टोचणं सोपं वाटतं.

बहुतेक वेळा त्याची गरज नसते. सततच्या ओलीमुळे मऊ पडलेल्या कातडीत 'डर्मॅटोफिलस' नावाचा जिवाणू शिरतो, त्यातून या खपल्या धरतात. घोडा कोरड्या जागी बांधावा, खपल्या भिजवून अलगद काढाव्यात, क्लोरहेक्सिडीनच्या द्रावणाने अंग धुवावं, ते दहा मिनिटं अंगावर राहू द्यावं आणि मग घोडा पूर्ण कोरडा करावा. एवढ्यानेच अनेक घोडे बरे होतात. निघालेल्या खपल्या मात्र तबेल्यात पडू देऊ नयेत. जिवाणू त्यांतच टिकून राहतो.

गोल चट्टे पडून केस झडले असतील, तर तो गजकर्ण असू शकतो. ती बुरशी, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. खाज असेल तर चिलटांच्या चाव्याची ॲलर्जीही असू शकते. तिन्हींवर एकच सुई टोचली, तर घोडा बरा होईलच असं नाही, पण त्याच्या अंगावरच्या इतर जिवाणूंना त्या औषधाला तोंड द्यायची सवय लागते. त्यांतला स्टॅफिलोकॉकस माणसाच्या कातडीवरही राहतो. कॅनडातल्या आँटेरिओ प्रांतात 2000 नंतरच्या काही वर्षांत मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस घोड्यांत आणि त्यांची देखभाल करणाऱ्या माणसांत, दोन्हीकडे सापडला होता. खरारा करणाऱ्या पोराचा हात आणि घोड्याची पाठ यांत अंतर ते किती!

घोड्याचं पोट हा आणखी वेगळा धोका. माणसांना दातांच्या संसर्गावर दिलं जाणारं क्लिंडामायसिन घोड्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून जीवघेणी हगवण लावू शकतं. घरात उरलेल्या गोळ्या म्हणूनच घोड्याला कधीही देऊ नयेत.

आणि एक रोग असा, की त्यावर घरी उपचार करून पाहणं हाच गुन्हा ठरावा. पायांच्या आतल्या बाजूला गाठी, त्या फुटून चिकट पू, सोबत नाकातून स्राव: हा ग्लँडर्स असू शकतो. 2006 साली पुणे-पाचगणी परिसरातल्या घोड्यांत तो आढळला होता. माणसाला तो जीवघेणा आहे. कायद्याने हा रोग कळवणं बंधनकारक आहे. बाधित जनावराला औषध दिलं जात नाही, त्याला दयामरण द्यावं लागतं. निदानासाठी रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. अशा गाठींवर अर्धवट अँटिबायोटिक दिलं, तर लक्षणं काही काळ दबतात आणि तोवर रोग शेजारच्या तबेल्यात पोचलेला असतो.

जखम खोल असेल, पू वाहत असेल, ताप असेल, तर अँटिबायोटिक लागतंच, आणि तेव्हा ते टाळणंही चुकीचं. पण आधी पशुवैद्यानं पुवाचा नमुना घ्यावा. जिवाणू कोणता आणि कोणत्या औषधाला बधतो, हे दोन-तीन दिवसांत कळतं. तोवर त्या घोड्याचं खोगीर, तंग, खरारा आणि पुसायचं फडकं दुसऱ्या घोड्याला लावू नये.