बाभळीचा हिशेब

बीड सोडून सोलापूरच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात पाली लागते. जवळ बिंदुसरा प्रकल्पाचे पाणी आणि मागे बालाघाटाचे उघडेबोडके डोंगर. जंगल म्हणावे असे इथे फारसे काही नाही. अख्ख्या बीड जिल्ह्यात वनाच्छादन जेमतेम दोन-तीन टक्के, आणि त्यातही विरळ, खुरट्या झाडीचाच भरणा. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एक-तृतीयांश भूभाग वनाखाली असावा असे म्हटले होते. बीडकराने ते वाचून हसावे की रडावे? पण याच उजाड मुलखाची शेती पिढ्यान् पिढ्या लाकडावर चालली. नांगर, वखर, तिफण, जू, शिवळा, बैलगाडी, सगळे लाकडाचे. हे लाकूड डोंगरातून आले नाही. ते बांधावरून, ओढ्याकाठून, तळ्याच्या गाळातून आले, आणि त्यातले बरेचसे बाभळीचे होते.

बाभळीला देखणे झाड कुणी म्हणणार नाही. पण इथल्या काळ्या जमिनीत टिकायचे म्हणजे उन्हाळ्यात वीतभर भेगा सोसायच्या आणि पावसाळ्यात मुळाशी साचलेले पाणीही सोसायचे. बाभूळ दोन्ही सोसते. ती शेंगावर्गातली, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. साल कातडे कमवायला, डिंक खायला-विकायला, शेंगा शेळ्यांना, काटेरी फांद्या कुंपणाला. तिच्यात एक रामकाठी नावाचा प्रकार आहे. त्याच्या फांद्या अंगाशी धरून सरळ वर जातात, त्यामुळे सावली कमी पडते आणि बांधावर असूनही पिकाचे फार बिघडत नाही. रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ ही मात्र वेगळी. ती अमेरिका खंडातून आलेली पाहुणी, आता हलायला तयार नाही.

बाभळीचे वाळलेले लाकूड घनमीटरला साधारण आठशे किलो भरते, साग साडेसहाशेच्या आसपास. हे वजन म्हणजे दाट तंतू, आणि दाट तंतू म्हणजे मार खाण्याची ताकद. म्हणून गाडीचा आख, चाकाचा तुंबा, वखराचे खोड यांना सुतार बाभूळ मागे. पण तोडली आणि वापरली असे होत नसे. ओंडके आधी तळ्याच्या नाहीतर विहिरीच्या चिखलपाण्यात काही महिने बुडवून ठेवत. वर काढल्यावर त्यांना जो वास येई, तो ज्याने घेतला त्याच्या नाकातून सहजी जायचा नाही. या कुजकट प्रकारामागे पक्के रसायन आहे. खोडाच्या बाहेरच्या फिकट भागात, म्हणजे रसकाष्ठात, झाडाने साठवलेले पिष्ठ आणि साखर असते. लाकूड पोखरून पिठासारखा भुसा पाडणारे भुंगेरे त्याच्याच शोधात येतात. पाण्यात ही साखर झिरपून जाते, पिष्ठ सूक्ष्मजीव संपवतात आणि भुंगेऱ्यांच्या अळ्यांची उपासमार होते. आतला तांबूस-तपकिरी गाभा टॅनिनसारख्या कडवट द्रव्यांनी आधीच राखलेला असतो. रासायनिक परिरक्षके बाजारात येण्याआधीचा हा उपाय, आणि त्याला पाण्याखेरीज कशाचाच खर्च नाही.

पुढची परीक्षा हवेची. लाकूड मेल्यावरही हवेतला ओलावा घेत-सोडत राहते. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत त्यातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर उतरतो, भर पावसाळ्यात पंधराच्या वर जातो. त्यानुसार ते आकसते आणि फुगते, तेही सगळीकडे सारखे नाही: वर्षावलयांच्या वळणाने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. सुताराची सगळी विद्या या तीन वेगवेगळ्या चालींना एकत्र नांदवण्यात आहे. गाडीचे चाक हा तिचा कळस. तुंब्यात आरे, आऱ्यांवर पुट्ठे आणि त्यांना आवळणारी लोखंडी धाव. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ भरतो ४.७ मीटर. धाव पाचशे अंशांनी तापवली तर ती अडीच-तीन सेंटीमीटरने लांबते; तशीच लालबुंद चाकावर चढवून पाणी ओतले की आकसून सगळे सांधे करकचून बसतात. उन्हाळ्यात आरे खिळखिळे झाले की चाक पाण्यात भिजवायचे, लाकूड फुगते आणि पकड परत येते. खिळा नाही, सरस नाही.

घरासाठी मात्र बाभूळ चालत नसे. तिला लांब, सरळ तुळई मिळत नाही. ज्याची ऐपत असे तो साग आणवी, बाकीचे लिंबावर भागवत. मराठवाड्यातले माळवद म्हणजे लाकडी खांब, तुळया, कड्या, त्यावर फळ्या आणि पालापाचोळा, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खांब थेट जमिनीत गाडत नसत. दगडी तळखड्यावर उभे करत, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब. या लाकडी सांगाड्याचे मोजमाप खणांत, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत, चाले, आणि घराची प्रतिष्ठाही.

हा सांगाडा किती कामाचा होता ते ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे दिसले. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. मारेकरी ठरल्या त्या दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नसल्याने त्या फाटून कोसळल्या. पण पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना अनेक ठिकाणी एक विचित्र दृश्य दिसले: भिंती ढासळलेल्या, आणि लाकडी खण वरच्या छपरासकट उभे. कुसू आणि खोबणीचा सांधा हलतो, घासतो आणि त्या घासण्यात हादऱ्याची ऊर्जा जिरवतो. जपानी देवळांचे कौतुक आपण याच कारणासाठी करतो. लातूर-उस्मानाबादच्या लोकांनी मात्र जुन्या घरांची धास्ती घेतली. ते स्वाभाविकच होते. पण त्या धास्तीत दगडाबरोबर लाकूडही बदनाम झाले, हे मला नेहमी अन्यायाचे वाटते.

आता हवेचा हिशेब. कोरड्या लाकडाच्या वजनातला निम्मा भाग कार्बन असतो. सागाच्या एका घनमीटरमध्ये सव्वातीनशे किलो कार्बन, म्हणजे हवेतून काढून घेतलेला सुमारे १.२ टन कार्बन डायऑक्साइड. उलट एक टन पोलाद बनवताना जवळपास दोन टन वायू हवेत जातो. म्हणून जगभरचे वास्तुरचनाकार पुन्हा लाकडाकडे वळलेत. फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून बनवलेल्या दणकट पॅनेलांवर बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. पण या हिशेबाला एक अट आहे, आणि ती जाहिरातींत बारीक अक्षरांतही नसते. लाकूड जळले वा कुजले की तो कार्बन परत हवेत. तेव्हा झाड वाढायला जितकी वर्षे लागली, निदान तितकी वर्षे लाकूड वापरात राहिले पाहिजे. त्याआत ते चुलीत किंवा उकिरड्यावर गेले, तर आपण उधारीवर जगलो. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांपासून आहेत. ते झाड तोडणाऱ्याचे खाते केव्हाच फिटले. बाभळीची गाडीही या कसोटीला उतरते. झाड पंधरा-वीस वर्षांत हाताशी येई, गाडी निगा राखली तर तेवढी चाले, मोडल्यावर तिचे लाकूड वखराला, वखराचे खुंटीला, आणि चुलीत गेले ते सगळ्यात शेवटी. सेंट्रिंगची फळी चार-सहा स्लॅबमध्ये संपते. दाराच्या जागी आलेले, ओल लागली की फुगणारे भुशाचे पॅनेलही फार वर्षे काढत नाही. नापास दोन्ही.

असा हिशेब मांडण्याची बुद्धी नवी नाही. १७१३ साली सॅक्सनीतल्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स या खाण-अधिकाऱ्याने एक ग्रंथ लिहिला. चांदीच्या भट्ट्यांनी जंगले खाल्ली होती. जेवढे वाढते तेवढेच तोडा, असा त्याचा आग्रह. ‘टिकाऊ विकास’वाले त्यालाच आद्यपुरुष मानतात. जवळजवळ त्याच वेळी, १७१५च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र तयार झाले. त्यात म्हटले आहे: आरमाराला लाकूड लागतेच, तर सागासारखी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावी. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती रयतेने लेकरांसारखी वाढवलेली. अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. कार्लोवित्सने झाडांची वाढ मोजली, अमात्यांनी झाडाचा मालक मोजला. माझ्या मते दुसरे मोजमाप जास्त अवघड, आणि आजही अपुरे राहिलेले.

कारण बांधावरचे झाड शेतकऱ्याचे असले तरी ते विकणे सोपे नाही. महाराष्ट्राचा १९६४चा वृक्षतोड कायदा साग, आंबा, चिंच, जांभूळ अशा झाडांना संरक्षण देतो. हेतू चांगला, परिणाम असा की ही झाडे नव्याने लावायला माणूस कचरतो. बांबूच्या बाबतीत २०१७ साली केंद्राने शहाणपण केले आणि वनाबाहेरच्या बांबूला ‘झाड’ या व्याख्येतूनच वगळले. दुसरीकडे, बारा वर्षांत एकरी लाखोंची स्वप्ने विकणारे आजही गावोगाव फिरतात. नव्वदच्या दशकातल्या सागवान योजनांत ज्यांचे पैसे बुडाले, त्यांनी तरी सावध असावे. ठिबकवर झपाट्याने वाढवलेल्या कोवळ्या सागात रसकाष्ठ जास्त आणि गाभा कमी. ज्या गाभ्यामुळे साग वाळवीला पुरून उरतो, तोच त्यात जेमतेम.

बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर २०१७पासून अभिनेते सयाजी शिंदे आणि सोबत्यांनी वनखात्याच्या जमिनीवर सह्याद्री देवराई उभी केली आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले, अध्यक्षस्थानी वडाचे झाड. ती देवराई तोडीसाठी नाही, नसावीही. पण एक देवराई राखायची तर शेजारच्या गावांना लागणारे लाकूड दुसरीकडून यायला हवे, आणि ती जागा बांध, गायरान, तळ्याचा काठ हीच.

तिथे बाभूळ लावायला रोपवाटिकेचीही गरज नाही. तिचे बी कठीण कवचाचे, नुसते मातीत टाकले तर लवकर रुजत नाही. शेळीने शेंगा खाल्ल्या की पोटात कवच मऊ होते आणि रवंथ करताना बी बाहेर पडते. म्हणून शेळ्यांच्या वाड्यातून झाडून घेतलेले बी लावणीला चांगले मानतात. पावसाळ्याच्या तोंडावर ते बांधाकडेने टोकायचे. पुढची दोन-तीन वर्षे मात्र त्याच शेळ्या तिकडे फिरकू द्यायच्या नाहीत.