अर्धा कोयता

सकाळचे साडेनऊ. नगरच्या एका सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या खोलीबाहेर रांग लागली आहे. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच येतं.) मी घरच्या एकाच्या गोळ्या न्यायला आलोय. बाकड्यावर शेजारी सहावीतली मुलगी, अंगात शाळेचा गणवेश. एका हातात केसपेपर, दुसऱ्या हातात आईचा पदर. पाथर्डीकडच्या एका वस्तीवरून पहिल्या एसटीने दोघी आल्यात.

बाप ऊसतोडीला गेलाय. नवरा-बायको मिळून एक कोयता. आई आजारी, म्हणून यंदा अर्धाच कोयता आणि उचलही अर्धी. हे पोरगीच सांगते, मुकादमासारख्या हिशेबी आवाजात.

त्यांचा नंबर लागतो. दाराला नुसता पडदा, आतलं सगळं ऐकू येतं आणि अर्धं दिसतंही.

"झोप लागते का?" आई भिंतीकडे बघत राहते. मुलगी पिशवीतून कालनिर्णयचं घडी घातलेलं पान काढते. गोळी घेतली त्या तारखेवर टिंब, रात्रभर बडबड केली तिथं गोल, जेवली नाही तिथं फुली. "हे तीन दिवस तिनं गोळी थुकली." डॉक्टर पान नीट वाचतात, डोस बदलतात. "मोठी माणसंसुद्धा एवढं लिहून ठेवत नाहीत," म्हणतात. मुलगी हसत नाही.

आजारी आईच्या लेकरांचा विचार कुठं होतच नाही, असं नाही. याच जिल्ह्यात, शिंगवे नाईकला, डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं 'माउली' आहे. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण बायका आणि त्यांची लेकरं तिथं एका छपराखाली राहतात. आई उपचारासाठी दाखल झाली, तर तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा तिच्यापासून तोडू नये, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण आईला घर आहे, ती घरूनच औषध घेतेय आणि पोर अकरा वर्षांची आहे, तर? 'सोबत आलेले नातेवाईक' एवढ्यावरच त्या पोरीची बोळवण होते.

समुपदेशक ताई मात्र तिला बाहेर बाकड्यावर घेऊन बसतात.

"सकाळी काय खाल्लंस?"

"तिनं चहा-बटर खाल्लं."

"तिचं नाही गं, तुझं विचारते."

पोरगी गणवेशाचं बटण फिरवत राहते. मग एकदम म्हणते, "मी सहलीला जायचा हट्ट केला व्हता. त्या रातीपासून ती अशी झाली."

"नाही बाळा. हा आजार आहे, शुगरसारखा. तुझ्या हट्टानं झाला नाही. गोळ्या आजीनं द्यायच्या, तू नाही."

"आजीला रंग वळखू येत न्हाईत."

ताई गावातल्या आशाताईंना तिथूनच फोन लावतात. मी कालनिर्णयच्या पानामागे 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून देतो; चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. पोरगी आकडा दोनदा म्हणून बघते.

"शाळा बुडते तेव्हा गुरुजींना काय सांगतेस?" मी विचारतो.

"पोट दुखत व्हतं म्हन्ते."

पाथर्डी-शेवगावकडच्या गुरुजींनो, ऊसतोडीच्या हंगामात एखादं पोर सारखं पोटदुखी सांगत असेल, तर एकदा त्याच्या घरी जाऊन या.