इंजिनाच्या काचेतून कसारा घाट
लखनौहून पुष्पक एक्स्प्रेस मुंबईला निघते. वाटेत डब्यातून कसारा घाट बाजूने सरकतो. लोको पायलटच्या केबिनमधून चित्रित केलेल्या प्रवासात मात्र बोगद्याचं तोंड थेट अंगावर येतं. असे व्हिडिओ पाहताना आवाज बंद करू नका. प्रत्येक सिग्नल दिसताच पायलट आणि सहायक त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात, ही शिस्त ऐकण्यासारखीच आहे. ‘सी/फा’ ही पाटी आली की फाटकासाठी शिट्टी वाजते. परतीला कसारा-इगतपुरी चढ ३७ला १, म्हणून मागून बँकर इंजिनं रेटा देतात. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने २००९मध्ये बर्गन-ऑस्लो प्रवास सात तासांहून अधिक वेळ सलग दाखवला. आपला घाटही तसाच, न कापता पाहावा.