घाणा बिघडला म्हणजे नेमके काय झाले?

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात राजूर हे गाव आहे. टेकडीवरच्या गणपतीमुळे मराठवाड्यात ते बहुतेकांना ठाऊक असते. गेल्या हिवाळ्यात तिथे एका शिक्षकमित्राच्या ओसरीवर आम्ही साबणाचे चार घाणे काढले. भज्यांचा घाणा असतो तसाच हा साबणाचा घाणा. मुलांचे म्हणणे साधे होते : पुस्तकात दिल्याप्रमाणे साबण खरोखर होतो का, आणि झाला तर शाळेच्या नळापाशी तो ठेवता येईल का? खिचडीआधी हात धुवायला साबण हवाच असतो.

चारांपैकी पहिले तीन घाणे बिघडले. चौथा चांगला झाला असे वाटले, तर नळावर त्याला फेसच येईना. पण घरी बनवलेल्या साबणात खरा प्रश्न फेसाचा नसतो. ही वडी मुलांच्या हातात द्यायची की नाही, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर वडीच्या दिसण्यावरून मिळत नाही. ते कसे मिळवले, ते सांगतो.

हिशेब आधी, ढवळणे नंतर

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, ही जोडणी तोडतो. मेदाम्लाचा सोडियम क्षार तयार होतो, तोच साबण. ग्लिसरीन मोकळे होते. साबण माणूस हजारो वर्षे करत आला, पण तेल-चरबीची ही घडण शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उलगडली. त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. तोवर साबण करणाऱ्यांचा भरवसा हाताच्या सवयीवर होता.

प्रत्येक तेलातली मेदाम्ले वेगळी असल्यामुळे प्रत्येकाला लागणारा सोडाही वेगळा. १०० ग्रॅम तेलाला साधारण इतका :

खोबरेल : १८.३ ग्रॅम
सरकीचे तेल : १३.८ ग्रॅम
करडईचे तेल : १३.६ ग्रॅम
एरंडेल : १२.८ ग्रॅम

एवढा सोडा घातला तर तेल आणि सोडा दोन्ही संपतील. पण निसर्गातले तेल दर वेळी अगदी सारखे नसते आणि आपला काटाही थोडा चुकतो. म्हणून सोडा हिशेबापेक्षा पाच टक्के कमी घ्यायचा. थोडे तेल उरले तर बिघडत नाही. सोडा उरला तर कातडी भाजते.

आमचा पहिला घाणा असा होता : खोबरेल २५० ग्रॅम, सरकीचे तेल २५० ग्रॅम. सोडा ४५.७५ अधिक ३४.५, म्हणजे ८०.२५ ग्रॅम, त्यातून पाच टक्के वजा करून ७६ ग्रॅम. पाणी १५० ग्रॅम. सगळे वजनाने, चमच्याने किंवा पेल्याने काहीही नाही. एका ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा नसेल तर हा प्रयोग करूच नये.

सोडा कोणता, हेही पाहायला हवे. बाजारात नुसते 'सोडा द्या' म्हटले तर खाण्याचा मिळेल किंवा धुण्याचा. हे दोन्ही वेगळे पदार्थ आहेत, त्यांनी या पद्धतीने साबण होत नाही. तुंबलेले पाइप साफ करण्याच्या पुडीत इतर काही मिसळलेले असू शकते, तीही नको. प्रयोगशाळेतला कॉस्टिक सोडा घ्यावा आणि बाटलीचे बूच घट्ट असावे. उघडा राहिलेला सोडा हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. मग काट्यावर वजन भरते, पण त्यात सोडा कमी असतो.

सोडा शिक्षकांनीच हाताळायचा, मोकळ्या हवेत, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून. पाण्यात सोडा थोडा थोडा सोडायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही. द्रावण आपोआप इतके तापते की भांड्याला हात लावता येत नाही. भांडे स्टीलचे हवे. ॲल्युमिनियमचे पातेले सोडा खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. अंगावर थेंब उडाला तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवायचे. डोळ्यात गेला तर धुतल्यावर दवाखाना गाठायचा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसायचे नाही. मुलांनी लांबून पाहायचे, वेळ मोजायची आणि वहीत लिहायचे. ही वही पुढे फार उपयोगी पडली.

पहिला घाणा : लवकर आळला, म्हणून फसला

तेल आणि सोड्याचे द्रावण ढवळत राहिले की मिश्रण दाट होत जाते. पळीने सोडलेल्या धारेची रेघ पृष्ठभागावर उमटून राहिली की ते साच्यात ओतायचे. हाताने ढवळताना याला बराच वेळ लागतो. आमचे मिश्रण मात्र दहा मिनिटांत श्रीखंडासारखे झाले. आम्ही खूश होऊन ओतले. दुसऱ्या दिवशी साच्यात वर तेलाचा थर आणि खाली पाणी!

वहीत मुलांनी लिहिले होते : 'सकाळी सात वाजता. खोबरेल गोठलेले होते, थोडे पातळ करून घेतले. द्रावण रात्रीचे, गार.' इथेच उत्तर होते. खोबरेल सुमारे २४-२५ अंशांखाली गोठते. मिश्रण दाट झाले ते साबण झाल्यामुळे नव्हे, तर खोबरेल पुन्हा गोठू लागल्यामुळे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. सुरुवातीला क्रिया फक्त त्यांच्या सीमेवर चालते. थोडा साबण तयार झाला की तोच तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतो आणि क्रियेला वेग येतो. आम्ही त्या टप्प्यापर्यंत पोचलोच नव्हतो.

घाणा फेकला नाही. हातमोजे घालून सगळे, तळाच्या पाण्यासकट, भांड्यात परत घेतले. गरम पाण्यात भांडे ठेवून साधारण ४० अंशांवर आणले आणि ढवळले. पाऊण तासाने खरी रेघ उमटली.

दुसरा घाणा : वरची पांढरी पूड

खोबरेल महाग, म्हणून दुसऱ्या वेळी ५०० ग्रॅम सरकीचेच तेल घेतले. पण सोडा मात्र पहिल्याच आकड्याने, ७६ ग्रॅम. कापताना वडीचा भुगा पडू लागला आणि वर पांढरी पूड दिसली.

पांढऱ्या पुडीचे दोन अर्थ होऊ शकतात. पृष्ठभागावरच्या सोड्याची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन सोडियम कार्बोनेट होते, म्हणजे धुण्याचा सोडा. ते खरवडून टाकले की झाले. किंवा वडीत खरोखरच कॉस्टिक सोडा शिल्लक असतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसते.

एका मुलीने हळद सुचवली. ओल्या हळदीचा कागद वडीला लावला, तो लाल झाला. 'सोडा आहे!' असा गलका झाला. मग दुकानातला अंगाचा साबण लावला, तर कागद त्यानेही लाल! चांगल्या साबणाच्या पाण्याचाही पीएच ९ ते १० असतो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. म्हणजे हळद खोटे बोलत नाही, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नाही. पाण्यात विरघळवलेल्या साबणात फिनॉल्फ्थॅलीन घातले तरी हीच अडचण येते.

तोड अशी आहे : पाण्याऐवजी अल्कोहोल घ्यायचे. अल्कोहोलमध्ये साबणाचे जलविघटन होत नाही, त्यामुळे निव्वळ साबण फिनॉल्फ्थॅलीनला रंग देत नाही. कॉस्टिक सोडा अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि गुलाबी रंग देतो. सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, म्हणून ते फसवत नाही. वडीच्या आतल्या भागाचा वाळलेला कीस परीक्षानळीत घेऊन त्यावर प्रयोगशाळेतले स्पिरिट घाला. नळी गरम पाण्यात धरा. ज्योत जवळपासही नको. मग फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. नुसत्या स्पिरिटचीही एक नळी शेजारी ठेवा. वडीच्या तीन-चार जागांचे नमुने घ्या, कारण सोडा एखाद्याच जागी साचलेला असू शकतो.

आमच्या सगळ्या नळ्या गुलाबी झाल्या. हिशेब केला : ५०० ग्रॅम सरकीच्या तेलाला पुरा सोडाच ६९ ग्रॅम लागतो. आम्ही सात ग्रॅम जास्त घातला होता. ही वडी हाताला लावण्याजोगी नव्हती, मग ती कितीही पांढरीशुभ्र दिसो.

दुरुस्तीही हिशेबानेच केली. पाच टक्के सवलत धरून ७६ ग्रॅम सोड्याला ७६ भागिले (०.१३८ × ०.९५), म्हणजे ५८० ग्रॅम तेल हवे. कमी पडले ते ८० ग्रॅम. वड्या किसून, ८० ग्रॅम तेल आणि थोडे पाणी घालून, उकळत्या पाण्यावर भांडे ठेवून घोटले. आठवड्याने पुन्हा परीक्षा घेतली; रंग आला नाही.

तेल बदलले की हिशेब नव्याने, हा धडा मोठ्या कारखान्यालाही चुकत नाही. १९१८ साली गोदरेजांनी चरबीऐवजी वनस्पती तेलाचा 'चावी' साबण बाजारात आणला. असा बदल म्हणजे नुसती एकाच्या जागी दुसऱ्या वस्तूची भरती नसते.

तिसरा घाणा : मऊ आणि खवट

करडई हे मराठवाड्याचे जुने पीक. म्हणून तिसरा घाणा ५०० ग्रॅम करडईच्या तेलाचा आणि ६५ ग्रॅम सोड्याचा केला. चार आठवड्यांनीही वडीत बोट रुतत होते. तीन महिन्यांनी तिच्यावर नारिंगी ठिपके आले आणि खवट वास सुटला.

संशय दोघांवर होता : तेलावर, किंवा बऱ्याच दिवसांपूर्वी उघडलेल्या सोड्याच्या बाटलीवर. दोन्ही एकदम बदलले असते तर दोषी कोण ते कळलेच नसते. म्हणून तेल तेच ठेवून, नव्या बाटलीतला सोडा घेऊन १०० ग्रॅम तेलाचा छोटा घाणा केला. तोही मऊच. म्हणजे सोडा निर्दोष.

पारंपरिक करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात, त्यामुळे साखळी वाकडी होते. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधली जात नाही, तसा हा साबण. त्याच बंधांपाशी हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो, म्हणून खवटपणा. खोबरेलातल्या साखळ्या बहुतेक सरळ, म्हणून त्याची वडी कडक.

स्पिरिटच्या परीक्षेत ही वडी उतरली. ती धोक्याची नव्हती, नुसती नकोशी होती. दुसरा घाणा देखणा पण घातक, तिसरा कुरूप पण निरुपद्रवी. 'बिघडला' या एका शब्दाने दोन्हींची बोळवण केली तर महत्त्वाचा फरक हातून निसटतो.

चौथा घाणा : दोष घाण्यात नव्हताच

चौथ्या वेळी पहिलेच प्रमाण घेतले, पण तेल आधी कोमट केले. वडी कडक झाली, परीक्षेतही उतरली. सहा आठवडे वाळवून ती शाळेच्या बोअरच्या नळावर नेली, तर फेस नाही. पाण्यावर नुसता पांढरा साका.

दोन बाटल्या घेतल्या. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत बोअरचे. दोन्हींत साबणाचा सारखा कीस घालून सारखेच हलवले. पहिली फेसाने भरली. मग बोअरच्या पाण्यात दुकानातला साबण घालून पाहिला. त्याचेही तेच झाले. पाणी दुष्फेन होते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या सोडियमची जागा घेतात आणि न विरघळणारा क्षार तयार होतो, तोच साका. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम संपेपर्यंत फेस येत नाही. अशा वेळी पुढच्या घाण्यात सोडा वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय. फेस वाढणार नाही, हात मात्र भाजतील.

चौथ्या घाण्याच्या वड्या आता नळापाशी आहेत. जरा जास्त चोळावे लागते, पण हात स्वच्छ होतात. पहिला आणि दुसरा घाणा दुरुस्त झाला असला तरी ते आम्ही कपड्यांसाठी ठेवले. दुरुस्त केलेल्या वडीत एखादी जागा तपासायची राहिली असेल, तर तिची परीक्षा मुलाच्या हातावर कशाला?

वर्गात साबण बनवणे जमणार नसेल तर निदान शेवटचा प्रयोग जरूर करा. विहीर, बोअर, नळ, पावसाचे साठवलेले आणि उकळून गार केलेले अशी पाच पाणी घ्या. सारख्या बाटल्यांत सारखे पाणी भरा आणि साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजत टाका. टिकाऊ फेस यायला कोणाला किती थेंब लागले, ते मुलांना लिहू द्या. उकळल्याने फरक पडला की नाही, ते पाहा आणि का, ते मुलांनाच विचारा. तुमच्या गावचे आकडे आम्हाला कळवलेत तर आनंद वाटेल. आणि एखादी बाटली अपेक्षेप्रमाणे वागली नाही, तर तेही वहीतून खोडू नका.