आठशे गेली, गल्ली तीच!

ऑगस्ट २०२२ मधला रविवार. पाऊस जरा उघडलेला. मढच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबा आणि मी. बाबांच्या एका हातात जाळं विणायची नायलॉनची दोरी, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर नव्या अल्टो के-१० ची मापं.

'एक हजार चारशे नव्वद मिलिमीटर,' बाबा म्हणाले. 'आपल्या गाडीपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त. तू ते टोक भिंतीला लाव.'

आपली गाडी म्हणजे पांढरी मारुती ८००. १९९७ चं मॉडेल, एमएच ०२ पासिंग, चोकवाली. बाबांनी ऑफिसमधून लोन काढून घेतलेली. हिच्यावर मी हाफ क्लच शिकले, दादा शिकला, दादाचं लग्न ठरल्यावर वहिनीही शिकली. तुमच्यापैकी निम्म्या लोकांची स्टोरी अशीच असणार. एल बोर्ड, शेजारी बसून टेन्शन घेणारे बाबा आणि समोर तो छोटासा डॅशबोर्ड!

पण मढमध्ये गाडीचा फंडा थोडा वेगळा आहे. तुम्ही इकडे येता ते वीकेंडला, दाना-पानीच्या बीचवर नाहीतर शूटिंगचे बंगले बघायला. आम्ही इथून रोज ऑफिसला जातो. मढ जेट्टीवरून होडी पकडली की पाच मिनिटांत वर्सोवा. तिथून मेट्रो, अंधेरी, ऑफिस. एकदम सही! होडीत माणसं चढतात, बाइक चढते, कार मात्र नाही चढत. आणि रात्री होडी बंद झाली की राहतो फक्त मालाडचा रस्ता. आईला दम्याचा अटॅक आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. त्या रात्री ८०० पहिल्या स्टार्टरला सुरू झाली आणि मार्वे रोडने आम्ही मालाड गाठलं. त्यामुळे 'सिटीत कार हवीच कशाला' ही चर्चा आमच्या घरी होत नाही. गाडी हवीच. प्रश्न एवढाच, कुठली?

एका गाडीचे दोन निरोप

जरा मागे जाऊ. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ८०० ची चावी दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तोवर मुंबईकरांसाठी छोटी गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी, जिला आपण शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिलो. १९८६ मध्ये ८०० ची बॉडी बदलली आणि तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर येते ती ८०० आली. साडेसहाशे किलोच्या घरातलं वजन, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, लांबी ३३३५ मिलिमीटर, रुंदी १४४०. गल्लीबोळांसाठी देवमाणूसच!

सप्टेंबर २००० मध्ये कंपनीने अल्टो आणली. इंजिन तेवढ्याच ७९६ सीसीचं, गाडी थोडी लांब, थोडी आधुनिक. तुम्हाला वाटेल, अल्टो आली म्हणजे ८०० ला लगेच टाटा-बायबाय. तसं झालं नाही. दोन्ही गाड्या एकाच शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तब्बल तेरा वर्षं. ज्याला जमेल त्याने अल्टो घ्यावी, ज्याला नाही जमत त्याने ८००. हळूहळू लोक स्वतःच सरकत गेले आणि अल्टो पुढे निघून गेली. कुणी कुणाला हाकललं नाही.

मुंबईत मात्र निरोप आधीच झाला. १ एप्रिल २०१० पासून तेरा शहरांत भारत स्टेज-४ चे प्रदूषण नियम लागू झाले. त्यात मुंबई होती, पुणं होतं आणि आपलं सोलापूरसुद्धा! कंपनीने ८०० चं इंजिन त्या नियमांत बसवण्याचा खर्च केला नाही. म्हणजे अंधेरीच्या शोरूममध्ये नवी ८०० मिळेना, पण नाशिकला मिळत होती. शेवटी जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच थांबलं. तोवर भारतात पंचवीस लाखांहून जास्त ८०० विकल्या गेल्या होत्या. आकडा मात्र कंपनीने सोडला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्येच 'अल्टो ८००' नावाची नवी गाडी आली होती.

नाव पुढे चालवणं दर वेळी जमतंच असं नाही. याच कंपनीची झेन आठवते? १९९३ मध्ये आलेली, गोल गुळगुळीत, कॉलेजच्या पोरांची ड्रीम कार. २००६ मध्ये ती बंद झाली आणि 'झेन एस्टिलो' आली. उंच, डब्यासारखी, जुन्या झेनशी काही नातं नसलेली. झेनप्रेमींनी तिला आपलं मानलं नाही. २००९ मध्ये नावातून 'झेन' गेलं आणि २०१३ मध्ये एस्टिलोही बंद झाली. नुसती पाटी बदलून वारस तयार होत नाही, बॉस!

इंजिन ठणठणीत, पत्रा गायब

आता आमच्या घरची भानगड. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर आणि फी. आम्ही ते २०१२ मध्ये केलं, २०१७ मध्ये केलं. २०२२ मध्ये परत वेळ आली, आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून कारच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५००० झालेली. 'भरू की,' बाबा म्हणाले. पैशाचा प्रश्न त्यांच्या लेखी नव्हताच.

मालाडच्या मेकॅनिकने गाडी वर घेतली. मग आतलं कार्पेट उचलून मला बोलावलं. ड्रायव्हरच्या पायाखाली हाताएवढं भोक, त्यातून खालची फरशी दिसत होती. 'मॅडम, इंजिन अजून दहा वर्षं ओढेल. पण पत्राच राहिला नाही.' पंचवीस वर्षं समुद्राची खारी हवा खाल्ल्यावर कुठल्याही गाडीचं हेच होणार. मढमध्ये खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, मग गाडीचं काय घेऊन बसलात?

'नवा पत्रा मारून घेऊ,' बाबा.

'बाबा, एअरबॅग पण मारून घेणार का?'

मी जरा जोरातच बोलले. दादाची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मागच्या सीटवर, वहिनीच्या मांडीवर. आमच्या ८०० मध्ये मागे बेल्टच नव्हते. आम्ही सगळे तसेच वाढलो, हे खरं. पण नशिबाने साथ दिली याला सेफ्टी नाही म्हणत. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आईला घेऊन गेलो त्या रात्री हिनेच साथ दिली ना?' मला उत्तर सुचलं नाही. साथ दिली होतीच. पण पुढच्या तशा रात्री पायाखाली भोक असून चालणार होतं का?

दोन स्टार, शून्य स्टार

त्याच महिन्यात नवी अल्टो के-१० लाँच झाली. एक्स-शोरूम ३.९९ लाखांपासून सुरू. बाबांनी ८०० घेतली होती दोन लाखांच्या आसपास. नवीत दोन एअरबॅग, एबीएस, मागे बेल्ट. इंजिन ९९८ सीसीचं. बुकिंग केलं, ईएमआय माझ्या नावावर.

आणि सांगायला हवं म्हणून सांगते. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टचा निकाल आला. के-१० ला मोठ्यांसाठी दोन स्टार, मुलांसाठी शून्य. बाबांनी पेपर माझ्यापुढे ठेवला, एक अक्षर न बोलता. गाडी बदलली म्हणजे सगळं सुटलं असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. नवी गाडी जुनीपेक्षा बरी असते, पण पुरेशी असतेच असं नाही. आम्ही चाइल्ड सीट आणली. आता भाची त्यातच बसते, रडली तरी. के-१० ला सहा एअरबॅग स्टँडर्ड मिळाल्या त्या २०२५ मध्ये. आमची त्याआधीची.

दरम्यान २०२३ मध्ये अल्टो ८०० पण बंद झाली. म्हणजे ८०० हा आकडा आता खरोखरच गेला. प्रत्येक नव्या मॉडेलबरोबर गाडी जास्त स्वच्छ, जास्त सुरक्षित होते. ते हवंच. पण पहिल्या गाडीची पहिली पायरीही तेवढीच उंच होते. बाबांनी एका पगारावर ती चढली. मला ईएमआयचा हिशेब करताना वहिनीला अर्ध्या हप्त्यासाठी विचारावं लागलं.

जुनी गाडी देताना

• विकत असाल तर फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नव्या मालकाच्या नावावर झालीय ना, हे स्वतः बघा. नुसत्या शब्दावर जाऊ नका.
• लोनवर घेतली असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा आधी उतरवा.
• मोडीत काढत असाल तर सरकारमान्य स्क्रॅप सेंटरमध्येच द्या आणि 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' घ्या. आरसी रद्द झाल्याशिवाय गाडी कागदावर तुमचीच!
• फास्टॅग काढा, इन्शुरन्सवाल्यांना कळवा. आणि डिकी नीट तपासा. आमच्या डिकीत माझं दहावीचं हॉल तिकीट निघालं.

आमची ८०० मोडीत गेली. बाबा द्यायला आले नाहीत, दादा गेला. आणि दोरीचं माप? ते बरोबर निघालं. आरसे धरून दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली. नवी गाडी गल्लीत पहिल्यांदा आणली ती बाबांनी, आरसे न मिटता, न थांबता. उतरल्यावर म्हणाले, 'जरा रुंद आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीला निघाले, तेव्हा ते गोड्या पाण्याची बादली घेऊन गाडीखालचा पत्रा धूत होते.